कँटरची पहिली पायरी

चिंचवडला माझं ऑफिस पहिल्या मजल्यावर होतं. लिफ्ट नाही. एकोणीस पायऱ्या, त्यातली अकरावी फुटकी. बावीस वर्षं मी तिथून सहली नेल्या आणि गिऱ्हाइकाची तब्येत तपासायची माझी एकच पद्धत होती. जो जिना चढून माझ्या टेबलापर्यंत आला, तो पास. धाप लागली तर त्याला समुद्रकिनारा द्यायचा, नाही लागली तर जंगल. ही पद्धत मी मोठ्या फुशारकीनं चारचौघांत सांगायचे. आता सांगत नाही. दिवाळी अंकाच्या संपादकांनी 'काहीतरी गमतीदार लिहा' असं सांगितलं होतं, त्यांची आधीच माफी मागते.

सहलींच्या आधी मी भोसरीच्या एका कंपनीत ट्रान्सपोर्ट विभागात होते. स्टाफ बसचे रूट लावायचे. कोण कुठल्या थांब्यावर चढतो, कोणाची शिफ्ट बदलली, कोणाची बस चुकली, सगळं माझ्या वहीत. पुढे कंपनीनं तो विभागच बंद केला. बसमालक ओळखीचे होते आणि बसमध्ये बसणारेही ओळखीचे. आठवडाभर ज्या बसनं कामावर जायचं, त्याच बसनं रविवारी बायकापोरांना घेऊन फिरायला जायचं, असा माझा धंदा सुरू झाला. माझ्याबरोबर माझी गिऱ्हाइकंही म्हातारी होत गेली. आधी विचारायचे, 'जेवणात गोड काय?' मग विचारायला लागले, 'कमोड आहे ना?'

बाहेरच्या माणसाला वाटतं, जंगल तर गाडीत बसून बघायचं, त्यात पायांचा काय संबंध? संबंध आहे. आत जायला साधारण दोन गाड्या मिळतात. एक जिप्सी, म्हणजे सहा जणांची उघडी जीप. तिला धड पायरी नसते. बाजूच्या पट्टीवर पाय टेकवायचा, दांडा धरायचा आणि स्वतःला आत लोटायचं. दुसरा कँटर, म्हणजे वरून उघडी, वीस-बावीस जणांची बस. आत बाकं बरी असतात, पण चढायला मागून लोखंडी शिडी, आणि तिची पहिली पायरी गुडघ्याच्याही वर. एकदा आत शिरलं की चार तास खाली उतरायचं नाही, मधे एका ठरलेल्या जागी पंधरा मिनिटं सोडून. रस्ता सगळा खड्ड्यांचा. ज्याचे गुडघे गेलेत त्यानं कँटर घ्यावा आणि पुढचं बाक मागून घ्यावं. मागच्या चाकावर बसलेल्याचं कंबरडं मोडतं. ज्याला लघवी थांबत नाही त्यानं मला आदल्या दिवशी कानात सांगावं. बायका सांगायच्या. एकाही पुरुषानं कधी सांगितलं नाही.

त्याचं कारण मला ठाऊक होतं, आणि तरी मी फसले. आमच्या पट्ट्यातल्या कंपन्यांत दरवर्षी मेडिकल होते. डॉक्टर विचारतो, 'काही त्रास?' माणूस म्हणतो, 'काही नाही साहेब.' पाठ धरलेली असो की कान वाजत असोत, उत्तर तेच. 'त्रास आहे' म्हटलं की लाइट ड्यूटी. म्हणजे लाइनवरून उचलून पॅकिंगच्या कोपऱ्यात, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत 'काय आजोबा' अशी हाक. तीस वर्षं जो हेच उत्तर देत आला, तो मी विचारल्यावर निराळं उत्तर देईल असं मी का धरून चालले, देव जाणे.

बबनराव जिना चढून आले ते ताठ. चाकणजवळच्या गावातले, घरची थोडी शेती, बाकी जन्म कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रे दाबण्यात गेलेला. सत्तरीला टेकलेले, पण दंड अजून जाडजूड. विदर्भातल्या जंगलाची सहल त्यांना हवी होती.

"बरोबर कोण?" मी विचारलं.

"मंडळी हायेत. खाली रिक्षात बसल्यात. तिचं गुडघं गेल्यात, वॉकर घेऊन चालती."

"आणि तुम्हाला काही त्रास?"

"मला काय धाड भरलीय? अडचण हिचीच हाय म्याडम. तिचं तेवढं बघा."

मी खाली बघायला गेले. हौसाबाई रिक्षात वॉकर मांडीशी धरून बसल्या होत्या. गोल चेहरा, डोळे मिश्कील. मी म्हटलं, "काकू, जंगलात हाल होतील." त्या म्हणाल्या, "घरात काय कमी हायेत का ताई?" मला त्या तिथंच आवडल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाचा, संतोषचा, फोन आला. आवाज चांगल्या माणसाचा होता. "मॅडम, बाबा ऐकत नाहीत. दोघंच राहतात गावात, आम्हाला रात्रंदिवस काळजी. माझं मोशीला दोन खोल्यांचं घर, पोरांची शाळा. बहीण राजगुरुनगरला, तिचंही तसंच. आम्ही ठरवलंय, बाबा माझ्याकडे आणि आई ताईकडे. तर बाबा भांडायला उठले. शेवटी मी म्हटलं, ही ट्रिप दोघांनी धड करून दाखवा, मग मी विषय काढणार नाही. तुम्ही फक्त मला खरं काय ते सांगा. जमलं का नाही जमलं."

मी सहली नेणारी बाई, कोर्टात निकाल द्यायला बसलेली नव्हे. पण काही केल्या ते डोक्यातून जाईना. या दोघांनी एका घरात राहायचं की नाही, हे एका शिडीवर ठरणार होतं, आणि ती शिडी निवडायची होती मी.

मग मी पेटलेच. जंगलाच्या गेटवरच्या ओळखीच्या माणसाला फोन करून कँटरच्या पायरीची उंची विचारली. तो म्हणाला, "मॅडम, सगळे चढतात." मी म्हटलं, "सगळ्यांचं नको, टेप लाव." त्यानं लावला. आमचा जुना ड्रायव्हर गणपत दुपारी दोन शिफ्टच्या मधे आपली स्टाफ बस चाकणच्या रस्त्याकडेला लावून बसायचा. त्या उंचीचं एक स्टूल आणि त्याच्या अर्ध्या उंचीचा एक पाट घेऊन मी हौसाबाईंना तिथं बोलावलं. आधी पाट, मग स्टूल, मग बस. चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी आणि तोंड गाडीकडे. शेजारच्या बसचे ड्रायव्हर डबे खाता खाता बघत होते. हौसाबाई सहा वेळा चढल्या, सहा वेळा उतरल्या. मी "बास" म्हणायचे, तर त्या म्हणायच्या, "आजून एकदा बघा की ताई, नीट बघा." बबनराव वॉकरला टेकून, बायकोची पिशवी खांद्याला लावून उभे होते. "पाय उचल, हौसे! घाई नगं!" असं ओरडत होते. त्या दुपारी ते स्वतः एकदाही बसमध्ये चढले नाहीत. आज हे लिहिताना डोळ्यांसमोर स्वच्छ दिसतं. तेव्हा दिसलं नाही, कारण मी बघतच नव्हते.

जंगलाचं नाव लिहीत नाही. तिथल्या कुणाची काही चूक नव्हती. आम्ही अठरा जण होतो. सकाळी गेटवर पाट मांडला, हौसाबाई ठरल्याप्रमाणे चढल्या, मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्यांचा वॉकर घडी करून पुढच्या बाकाखाली सरकवला. बबनराव सगळ्यात शेवटी आले. त्यांनी पाटाकडे बघितलंही नाही. दोन्ही हातांनी वरचे दांडे धरले आणि अंग नुसत्या दंडांच्या जोरावर वर ओढून घेतलं. पाय मागून आले. मला वाटलं, म्हातारा जोर दाखवतोय. मी हसलेसुद्धा.

तासाभरानं माझं हसू गेलं. बबनराव प्रत्येक खड्ड्याला दोन्ही हातांनी पुढची सळई आवळत होते. अंगावर स्वेटर चढवण्याइतकी थंडी, आणि यांच्या कपाळावर घाम. मी पाण्याची बाटली पुढे केली तर नको म्हणून मान हलवली. ओठ कोरडे पडलेले. तेवढ्यात गाइडनं हात वर केला आणि गाडी थांबली, सगळे उठून उभे राहिले. डाव्या अंगाला वाघ होता म्हणे. फक्त ते नवरा-बायको बसून राहिले, त्यांना माणसांच्या पाठी दिसल्या. मी बबनरावांना म्हटलं, "उठा की, बघा." ते म्हणाले, "दिसतोय मला हितूनच." त्यांच्यासमोर एका भल्या मोठ्या जाकिटाशिवाय काही नव्हतं.

मधल्या थांब्यावर सगळे भराभरा उतरले. हौसाबाईंना मी आणि गाइडनं उतरवलं. बबनराव जागचे हलले नाहीत. मी परत वर गेले.

"उतरायचं नाही?"

"नगं."

"बबनराव, चार तास होतील. पुन्हा थांबा नाही."

त्यांनी बायको लांब गेली का ते आधी पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाले, "म्याडम, डावा पाय सापडंना."

मला आधी कळलंच नाही. त्यांनी मांडीवर थाप मारली. "हितवर हाय. त्याच्या खाली कुठं हाय ते कळत न्हाई. टेकला का नाय टेकला, बघितल्याबिगर समजत न्हाई. दोन वर्सं झाली. कमरंतली नस हाय म्हनत्यात. बसून धक्के बसलं तर दुसराबी तसाच व्हतो."

"आणि पाणी?"

"काल सांजच्यापासून घेतलं न्हाई. प्यालो तर उतरावं लागंल."

मला राग आला, त्यांचा आणि त्याहून माझा. "तुम्ही मला सांगितलं का नाही? मी विचारलं होतं तुम्हाला!"

"तुमी इचारलं आन् त्वांडातनं निघून गेलं. सवय हाय," ते म्हणाले. मग माझा हात धरला. "हिला कळू द्यू नका. तिला न्हाणीत मी नेतो, मी उठवतो, तिची सगळी भिस्त माज्यावर हाय. तिला कळलं तर ती सोता पोराला म्हनंल, न्या ह्यांना. मग ती तिकडं आन् मी हिकडं."

मी खाली उतरले. बायकांच्या रांगेशेजारी हौसाबाई उभ्या होत्या. उभ्या, म्हणजे कशालाही न धरता. वॉकर गाडीतच राहिला होता. त्यांनी कमरेची बाटली काढून माझ्या हातात दिली.

"ताई, ह्यांना दोन घोट पाजा. माज्या हातनं घ्यायचं न्हाईत. म्हणावं आता दोन तासच राहिल्यात, कायबी व्हत न्हाई."

मी बाटली घेतली. त्या म्हणाल्या, "तुमाला आत्ता सांगितलं वाटतं त्यांनी? मला म्हाईत हाय. रोज अंथरुणावरनं उठताना बघते की मी. त्यांना काठी घ्या म्हटलं असतं तर घेतली असती व्हय? मग मीच म्हटलं, माजं गुडघं गेलं, मला वॉकर आणा. आता मला चालवायच्या निमतानं त्याची एक बाजू धरत्यात."

"म्हणजे तुमचे गुडघे..."

"दुखत्यात की. ह्या वयाला कुणाचं दुखत न्हाईत?" आणि मग माझ्या जवळ येऊन, "मला ठावं हाय हे त्यांना सांगू नका. लई मनाला लावून घेत्याल."

उरलेले दोन तास मला जंगल दिसलं नाही. मोर दिसले, रानगवे दिसले असं बाकीचे सांगत होते. माझ्या डोक्यात एकच. गेटवर या माणसाला शिडीवरून उतरवायचं कसं? शिडीवर हातांच्या जोरावर चढता येतं, उतरताना पाय कुठे पडतोय ते कळायला हवं. वरून पडले तर खाली दगड. चौघांनी उचलून उतरवलं तर सगळा गट बघणार, त्यातले सहा त्यांच्याच कंपनीतले. संध्याकाळपर्यंत संतोषला कळणार. मी कँटरच्या ड्रायव्हरशेजारी सरकले. गेटच्या बाहेर रस्त्याच्या कडेला मातीचा उंच बांध होता, सकाळी येताना बघितला होता. कारखान्यात ट्रक मागे घेऊन फलाटाला लावतात, म्हणजे माल सरळ आत ढकलता येतो, तसं काही जमेल का? मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "कशाला पण?"

मी काही बोलायच्या आत मागून हौसाबाई ओरडल्या, "बाबा, माजं गुडघं आता शिडीनं उतरायचं न्हाईत. माज्यासाटी एवढं कर."

त्यानं केलं. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा कँटरची मागची कड बांधाला टेकली. शिडी काढली. मंडळी सपाटीवरून चालत बाहेर पडली, कुणी कौतुक केलं, कुणी कुरकुरलं. सगळ्यात शेवटी ते दोघं निघाले. मधे वॉकर, एक बाजू तिनं धरलेली, एक त्यानं. "हळू, हौसे," ते म्हणत होते. त्या म्हणत होत्या, "तुमी हायसा म्हनून." मी तोंड फिरवून उभी राहिले. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि गटप्रमुखाचं रडणं गटानं बघू नये, असा माझा नियम आहे.

संतोषचा फोन दुपारी आला. आम्ही राहत होतो तिथल्या पडवीत मी बसले होते, आणि समोरच्या बाकावर ते दोघं. त्यांना कळलं कोणाचा आहे. बबनराव अंगणाकडे बघायला लागले. हौसाबाई सरळ माझ्याकडे.

"मॅडम, फ्रँकली सांगा. जमलं का?"

बावीस वर्षांत मी नातेवाइकांशी खोटं बोलले नव्हते. माझ्या धंद्यात तेवढी एकच गोष्ट मी सांभाळली होती. मी म्हटलं, "जमलं. दोघांनी मिळून छान केलं."

हौसाबाईंनी पदर तोंडाला लावला. बबनराव म्हणाले, "च्या सांगू का म्याडम?"

मी किती खूश होते! घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, या सहलीत एक चांगलं काम केलं. वाक्यही खोटं नव्हतं, म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

पाच-सहा महिन्यांनी संतोष ऑफिसात आला. जिना चढून आला आणि खुर्चीत बसूनच राहिला. बबनराव सकाळी न्हाणीघरात पडले होते. हौसाबाईंच्यानं उचलवले नाहीत. त्यांनी त्यांच्या डोक्याखाली उशी दिली, अंगावर गोधडी घातली आणि ओल्या फरशीवर शेजारी बसून राहिल्या. सातपासून एकपर्यंत. शेजारची बाई सहज डोकावली म्हणून कळलं. हाड मोडलं नव्हतं, पण अंग गारठून गेलं होतं.

"फोन तिच्या हातात होता मॅडम," तो म्हणाला. "माझा नंबर एक बटण दाबलं की लागतो. तिनं लावला नाही. मी विचारलं का, तर म्हणते, तू त्यांना नेलं असतंस." मग म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं का?"

"होतं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "मग मला का नाही सांगितलं? कठडे बसवले असते, कुणी बाई ठेवली असती. मी काय शत्रू होतो का त्यांचा?"

त्याला दोन प्रश्न न विचारता मी ठरवून टाकलं होतं की तो त्यांची ताटातूट करणारा माणूस आहे. त्याला खरं सांगून, तिसरी काही वाट निघते का ते बघायला हवं होतं. ते मी केलं नाही. ती सहा तासांची ओली फरशी माझ्या नावावर आहे, असं मला वाटतं, आणि कुणी समजूत घातली तरी वाटणं जात नाही.

बबनराव आता मोशीला असतात आणि हौसाबाई राजगुरुनगरला. मी मोठ्या सहली बंद केल्या, ऑफिसही सोडलं. महिन्यातल्या एका रविवारी मात्र गणपतची बस घेऊन भीमाशंकरच्या बाजूच्या जंगलात जाते. बंद बस, मोठ्या काचा, खाली उतरायची सक्ती नाही. दाराशी गणपतनं एक जास्तीची पायरी वेल्ड करून घेतली आहे, दोन्ही बाजूंना दांडे आहेत. तरी आदल्या दिवसापासून माझा जीव थाऱ्यावर नसतो. दर महिन्याला वाटतं, या खेपेला बबनरावांना चढता येईल का? मोशीच्या थांब्यावर संतोष वडिलांना धरून उभा दिसला की मी श्वास सोडते. जंगलात यावेळी काय बघायचं, हे बबनराव विचारत नाहीत.

ते चढतात, तिसऱ्या बाकावर बसतात आणि खिडकीशेजारच्या जागेवर रुमाल टाकतात. बस निम्मी रिकामी असते, आणि राजगुरुनगर यायला अजून तासभर असतो.